शेषकाकांचं जहाज

आमच्या अर्ध्या घराचं जहाज झालं त्या वर्षी माय मला परकर सोडून लुगडं नेसायला शिकवत होती. मेडशीहून टेकडीच्या आडोशाला कोसभर आत आमचं गाव. पाणी म्हणजे विहीर, आणि होळीच्या आधीच कोरडा पडणारा एक नाला. होडी, गलबत हे शब्द आमच्याकडे शाळेच्या पुस्तकात होते, कुणाच्या तोंडात नव्हते. घर धाब्याचं. ज्यांनी असं घर पाहिलं नसेल त्यांना सांगते: हातदीड हात जाडीच्या मातीच्या भिंती, त्यांवर सागाच्या कड्या, कड्यांवर बारीक लाकडं नि पळसाचा पाला, आणि सगळ्यांवर पुन्हा मातीचा जाड थर. उन्हाळ्यात आत विहिरीसारखा गारवा असे. आजोबांनी घर बांधतानाच मधे एक आडवी भिंत घालून दोन मुलांचे दोन भाग केले होते. एका भागात बाबा, माय आणि मी. दुसरा भाग शेषकाकांचा. पण काका मिसरूड फुटायच्या आधीच घरातून पळून मुंबईला गेले, तिथून जहाजावर खलाशी म्हणून लागले, आणि त्यांच्या भागात आम्ही सरकी, कडबा आणि अंबाडीच्या पेंढ्या ठेवायला लागलो. आजोबा आणि आजी त्यांची वाट पाहत पाहतच गेले.

एका दुपारी मालेगावकडून आलेली मोटार फाट्यावर थांबली आणि डोक्यावर पत्र्याची पेटी घेतलेला एक काळाठिक्कर माणूस आमच्या अंगणात येऊन उभा राहिला. मायने त्याला पाहुणा समजून पदर सावरला. ‘वैनी, मी शेष्या,’ तो म्हणाला. मायने हातातलं सूप तिथंच टाकलं आणि शेताकडे हाका मारत धावली. बाबा आले तेव्हा त्यांच्या हातापायांना चिखल होता. तशाच हातांनी त्यांनी भावाला कवेत घेतलं आणि मोठ्याने रडले. माझ्या बाबांना मी तेवढं एकदाच रडताना पाहिलं. पुढेही एक प्रसंग आला, पण तेव्हा ते रडले नाहीत.

काका फार बोलत नसत. जहाज बुडालं आणि आपण वाचलो, एवढंच त्यांनी बाबांना सांगितलं. जेवायला बसले की ताटाची कड डाव्या हाताने घट्ट धरून ठेवत, जणू ते घसरून जाणार आहे. माय त्यांच्यासाठी कढी-फुणके करी, अंबाडीची भाजी तेलाची धार सोडून वाढी, आणि ते एका हाताने ताट धरून दुसऱ्या हाताने मान खाली घालून जेवत. घरात झोप येत नाही म्हणून बाज अंगणात ओढत. बाबा म्हणायचे, लग्न झालं की सगळं ठीक होईल. माय म्हणायची, होईल.

मग एक दिवस काकांनी आपल्या भागातला कडबा बाहेर काढला, भिंती झाडल्या आणि कामाला लागले. सुरुवातीचे ते दिवस आठवले की अजूनही आनंद होतो. वाशीमच्या बाजारातून त्यांनी निळीच्या पुड्या आणल्या, चुन्यात कालवल्या, आणि कमरेइतक्या उंचीपर्यंत भिंती निळ्या, वर पांढऱ्या केल्या. सडकेच्या कामावर टाकून दिलेल्या डांबराच्या पिपांची लोखंडी कडी आणून भिंतीत बसवली आणि गोल खिडक्या केल्या. अंबाडीचा वाख वळून मनगटाएवढा जाड दोर केला आणि तो भिंतीभिंतीने, खांबाखांबाला गाठी मारत फिरवला. त्या गाठी बघायला गावातली जाणती माणसं येऊन बसत. जुन्या बैलबंडीचं चाक भिंतीला लावून त्याचं सुकाणू केलं. ते फिरत असे, आणि आम्ही पोरंपोरी ते फिरवायला रांग लावत होतो. एका बाजूला लाल काचेचा कंदील, एका बाजूला हिरव्या काचेचा. छताला टांगलेली दोरखंडाची झोळी, तीत काका झोपत. घरात आल्यापासून पहिल्यांदा ते झोपायला लागले, म्हणून माय त्या झोळीला मनातल्या मनात हात जोडी. पेटीतून आणलेली पितळी घंटा दाराशी टांगली होती, पाळी बदलली की ते ती वाजवत. कसली पाळी, कुणाची पाळी, ते कुणी विचारलं नाही. गुराखी तिच्यावर गुरं हाकायला लागले.

गावच्या लोहाराला काकांनी नांगर करायला सांगितला तेव्हा त्याने चांगला पाजळलेला फाळ ठोकून आणून दिला. काका हसले. त्यांनी अंगणात काडीने चित्र काढून दाखवलं. लोहार डोकं खाजवत बसला. ‘याच्यानं काय नांगरता जी?’

‘नांगरत नाही. धरून ठेवते.’

‘कोनाले?’

‘घराले,’ काका म्हणाले.

लोहार हसला, आम्हीही हसलो. काका मात्र तेव्हा हसत नव्हते, हे माझ्या लक्षात राहिलं आहे.

त्यानंतर त्यांनी दारं काढली. अंगणाकडचं मोठं दार काढलं आणि आतल्या खोलीचंही. नुसत्या फळ्या नाहीत, तर चौकटी भिंतीतून उपटून काढल्या, दाराच्या डोक्यावर माती पेलून धरणारी ती रुंद सागाची पट्टीसुद्धा. त्या लाकडाची त्यांनी भिंतीला ठोकलेली बाकं केली. भिंतीत नुसती दोन भोकं राहिली, त्यांवर गोणपाट सोडलं. माय म्हणाली, ‘भाऊजी, बिनदाराचं घर कसं जी? कुत्रंमांजर येईन.’

‘येऊ द्या वैनी. कोनी आत तं नाही न अडकनार.’

 त्या संध्याकाळी भाकरी थापताना मायचा हात दोनदा थांबला.

आसेगावची वच्छाकाकी माघात लग्न होऊन घरात आली. माझ्यापेक्षा थोडीच मोठी. गव्हाळ, उंच, भुवया जुळलेल्या. गोणपाट बाजूला सारून तिने आत पाऊल टाकलं, निळ्या भिंती पाहिल्या, गोल खिडक्या पाहिल्या, आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाली, ‘इंदे, काय वं हे! माह्या नवऱ्यानं घराले डोये लावले!’ आम्ही दोघी तोंडावर पदर दाबून इतक्या हसलो की बाहेरून कुणीतरी ओरडलं. त्या दिवसापासून ती माझी झाली. दळायला बसलो की जात्याच्या खुंट्यावर तिचा हात माझ्या हातावर असे. काकाही तिच्याशी मायेने वागत. तिच्यासाठी त्यांनी निराळी झोळी विणली, मऊ, दुहेरी दोराची. मला वाटतं, तेवढे चार महिने त्या घरात सुख होतं. मी मुद्दाम हे लिहून ठेवते, कारण नंतर लोकांनी ते सुख कधी धरलंच नाही.

पावसाळ्याच्या तोंडावर काकांनी जंगलातून सागाचं एक सरळसोट खोड आणवलं. धाब्याला मधोमध भोक पाडलं, आड येणारी कडी कापून टाकली आणि ते खोड जमिनीत रोवून भोकातून वर काढलं. बाबा शेतातून आले तेव्हा आमच्या घराच्या डोक्यावर दोन पुरुष उंचीची काठी उभी होती आणि तिच्या टोकाला पांढरा कपडा फडफडत होता.

‘कडी काहून कापली?’ बाबांनी विचारलं.

‘डोलकाठीबिगर जहाज नसते, दादा.’

‘अरे, हे घर हाय, शेष्या.’

काका भोकाभोवती डांबर लिंपत राहिले. बाबा बराच वेळ खाली उभे होते, मग बैलं बांधायला गेले. सडकेवरून जाणाऱ्या मोटारीतली माणसं आता आमच्या गावाकडे बोट दाखवत. दूरदूरचे लोक घर पाहायला येत, काकांचं कौतुक करत, मायच्या हातचा चहा पीत आणि दारातून निघताना नकळत वर पाहत.

वारा सुटला की काठी बोलायची. आधी अगदी बारीक, करकर, झोपाळ्याच्या कडीसारखी. मग ती करकर छतातून भिंतीत उतरायची, आडव्या भिंतीतून आमच्या चुलीपर्यंत यायची आणि मायच्या उतरंडीतली गाडगी एकमेकांना लागून किणकिणायची. तव्यावरच्या भाकरीवर माती पडायला लागली. माय फुंकर मारून ती उडवी आणि भाकरी उलटी. मी आता इतकी म्हातारी झाले, नातवाच्या पक्क्या घरात राहते, तरी पंखा जरासा करकरला की हातातला घास हातातच राहतो.

आखाडात झड लागली. आमच्याकडे झड म्हणतात ती ज्याने सोसली त्याला ठाऊक. मोठा पाऊस नाही, वीज नाही, गडगडाट नाही. नुसतं दिवसामागून दिवस पिंजून टाकलेलं पाणी. शेतात जाता येत नाही, गोवऱ्या पेटत नाहीत, कपडे वाळत नाहीत, डाळीला कुबट वास येतो. धाब्याची माती पाणी पिऊन जड होत गेली. डोलकाठीभोवतीचं डांबर सुटलं आणि काठीवरून पाण्याचा ओघळ खाली येऊन निळ्या भिंतीत मुरायला लागला. निळीचे ओघळ जमिनीवर उतरले. काका सारखे वर-खाली करत, दोर आवळत, भोकात चिंध्या कोंबत. घंटा आता केव्हाही वाजे. अंगणात घोट्याएवढं पाणी साचलं होतं आणि काका दाराच्या भोकात उभे राहून त्या पाण्याकडे बघत राहत.

काकीचं पोट तेव्हा दिसायला लागलं होतं. एका दुपारी आम्ही दोघी तूर निवडत बसलो होतो. ती मधेच थांबली आणि भिंतीला कान लावला. ‘आयक,’ म्हणाली. मी कान लावला. आत काहीतरी कुरतडत होतं.

‘उंदीर असन.’

‘उंदीर नोहे. भित खाऊन राह्यली सोताले. आसेगावले आमची भित पडली न, त्याच्या आधी असंच आयकू ये. मी लहान होती. माही मावशी गेली त्यात.’ तिने सूप बाजूला ठेवलं. ‘इंदे, तुह्या काकानं दारं काहून काढले, म्हाईत हाय?’

मी मान हलवली. मग तिने सांगितलं. काका जहाजावर होते तेव्हा जहाजाच्या तळाला भगदाड पडून पाणी शिरलं. पाणी वर येऊ नये म्हणून खालच्या कोठीचं लोखंडी दार बंद करायचा हुकूम झाला. दाराशी काका होते. त्यांनी दार लावलं, वरून अडसर फिरवला. कोठीत त्यांच्याच पाळीची तीन माणसं होती: इस्माईलभाई, पेद्रू आणि भिका. आतून दार ठोकल्याचा आवाज येत होता, आणि काका बाहेरून अडसर धरून उभे होते. जहाज तरीही बुडालंच.

‘मले म्हने, वच्छे, हुकूम होता. म्या म्हटलं, हुकूम होता तं मंग तुमचा काय दोष? तं म्हने, ठोकनं थांबलं नोतं.’ काकी हे अगदी हळू बोलली. शेजारच्या खोलीत काका गाठ आवळत होते, दोराचा आवाज येत होता.

तिला जेठाशी, म्हणजे बाबांशी, थेट बोलता येत नव्हतं, तशी रीत नव्हती. तिने मायला सांगितलं, मायने बाबांना. काठी काढा, नाही तर दोघांना आपल्या भागात घ्या. बाबा चुलीपुढे हात शेकत ऐकत होते. म्हणाले, ‘झडीत काठी हलवली तं धाबंच खाली येईन. पोया होऊ दे. पोया झाला की उघाड पाहून चार मानसं लावतो, काठी उतरवतो, टेकू देतो. तोवर वच्छीले इकडे झोपू दे.’ काकी आमच्याकडे झोपायला लागली, पण दिवस उजाडला की नवऱ्याकडे जाई. मी बाबांना कधीच दोष दिला नाही. इतक्या वर्षांनी भाऊ परत मिळालेला माणूस, त्याला ‘तुझं घर मोड’ म्हणायला त्यांची जीभ वळत नव्हती. ते एकेक दिवस पुढे ढकलत होते, आणि प्रत्येक दिवशी भिंतीत थोडं पाणी जास्त मुरत होतं.

पोळ्याच्या दिवशी सकाळी ऊन पडलं. किती दिवसांनी पडलं होतं ते! गाव नुसतं उजळून निघालं. बाबांनी बैलं धुतली, शिंगं रंगवली, झुली घातल्या. पण मातीच्या घराला झडीनंतरचं कडक ऊनच वाईट. फुगलेली भिंत वरून वाळते, आकसते, आणि आत ओलीच असते. दुपारनंतर काका सोडून गावातले सगळे पुरुष बैलं घेऊन वेशीबाहेर तोरणाकडे गेले. डफड्यांचा आवाज येत होता. माय अंगणाच्या कडेला दगडांची चूल मांडून पुरणपोळ्या लाटत होती, कारण आतल्या चुलीवर माती पडत होती. तिने मला वाटीत पुरण दिलं. ‘वच्छीले देऊन ये. आन तिले इकडे घेऊन ये, बैलं पुजाले.’

मी गोणपाट सारून आत गेले. काकी बाकावर बसली होती, एक हात पोटावर. तिने बोट ओठांवर ठेवलं. कुरतडणं थांबलं होतं. त्या घरात इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. काठीसुद्धा गप्प होती. आणि मग मला दिसलं: दाराच्या भोकावर, जिथली पट्टी काकांनी काढली होती, तिथून भिंत उभी तडकली होती आणि त्या फटीतून उन्हाची एक रेघ जमिनीवर पडली होती. मी बघत असताना ती रेघ रुंद झाली.

‘इंदे, ऊठ,’ काकी म्हणाली, जरी मी उभीच होते.

माझ्या मागोमाग आतल्या खोलीतून येऊन काका आता दाराच्या भोकात पाठमोरे उभे होते. आम्ही जवळ जाताच ते वळले आणि त्यांनी दोन्ही हात पसरले. ‘खाली पानी हाय. कोनी उतरू नका.’

‘अवो, ते अंगन होय. पावसाचं पानी होय. भित चालली, आमाले जाऊ द्या.’

‘पानी हाय म्हनतो न! आतच राहा. आतच बरं हाय.’ त्यांनी तिचं मनगट धरलं. त्यांचे डोळे आमच्याकडे होते, पण आम्हाला पाहत नव्हते. वरून मातीचं एक ढेकूळ सुटून माझ्या पायाशी फुटलं. मी काकीच्या पाठीशी सरकले.

काकीने हात सोडवायची धडपड थांबवली. ती सरळ उभी राहिली, डोक्यावरचा पदर मागे सारला आणि नवऱ्याशी कधीच बोलली नव्हती अशा आवाजात बोलली. ‘मोठ्या सायबाचा हुकूम आला. जहाज सोडा म्हने. लोकं उतरवा.’

काकांचा चेहरा बदलला. तो मी कसा सांगू? जणू एखादा खोल झोपेतला माणूस कामावर हजर झाला. ‘हुकूम आला?’

‘आला. बाया पयले.’

त्यांनी तिचं मनगट सोडलं. एका क्षणात मला काखेत धरून उचललं आणि अंगणातल्या पाण्यात उभं केलं. मग काकीला, दोन्ही हातांवर, काचेचं भांडं द्यावं तसं अलगद खाली ठेवलं. मग स्वतः उतरले. ‘दूर व्हा,’ ते म्हणाले, ‘जहाजापासून दूर व्हा.’ पाण्यातून आम्ही निंबाच्या झाडापर्यंत धावलो. माय पिठाच्या हातांनी धावत आली, तिने आम्हा दोघींना कवेत घेतलं. काका आमच्यामागे झाडापर्यंत आले होते. हे मी शपथेवर सांगते. ते बाहेर होते, उन्हात उभे होते, त्यांच्या अंगाला धूळही लागली नव्हती.

त्यांनी आमच्या तोंडांकडे एकेक करून पाहिलं. मायकडे पाहिलं. मग आमच्या पाठीमागे पाहिलं, जणू अजून कुणी यायचं आहे. आणि घराकडे वळून हाक दिली, ‘इस्माईलभाई! पेद्रू! ए भिका!’

डफडी वाजत होती. घरातून उत्तर आलं नाही.

‘दार उघडं हाय! निंघा!’

‘अवो, कोनी नाही आत!’ काकी ओरडली. ‘कोनीच नाही!’

काका पाणी तुडवत परत गेले, गोणपाट सारलं आणि आत शिरले. काकी निघाली होती. मायने तिला कमरेला धरून खाली बसवलं आणि स्वतः तिच्यावर बसल्यासारखी ओणवली. आतून त्यांच्या हाका ऐकू येत होत्या, एकेक नाव, आधी बाहेरच्या खोलीतून, मग आतल्या. मग डोलकाठी हळूच कलली. फार आवाज झाला नाही. दमलेला माणूस बसतो तसं ते अर्धं घर खाली बसलं आणि धुळीचा लोट निंबाच्या शेंड्यापर्यंत गेला.

पुरुष माणसं धावत आली. झुली घातलेली, शिंगं रंगवलेली बैलं गल्लीत तशीच मोकळी उभी राहिली. त्या वर्षी गावात कुणीच बैलाला घास भरवला नाही. हातांनी, फावड्यांनी, टोपल्यांनी माती उपसली. बाबा सगळ्यांत पुढे होते आणि त्यांच्या बोटांतून रक्त येत होतं. दिवस मावळता काका सापडले. दारापासून लांब, अगदी आतल्या खोलीच्या टोकाला. बाहेर पळायचा प्रयत्न केलेला माणूस असा नसतो, हे तिथं सगळ्यांना दिसलं. बाबांनी भावाच्या तोंडावरची माती स्वतःच्या धोतराने पुसली आणि उठून बैलं बांधली.

काकी बाळंतपणाला आसेगावला गेली. तिचे वडील म्हणाले, आता इथंच राहा. पण मुलगी झाली, मंगला, ती जरा मोठी झाली आणि काकी तिला कडेवर घेऊन आमच्याकडे परत आली. काकांच्या वाट्याच्या शेतात कपाशी लावली, निंदण केलं, बैल धरला. बाबांनी तिला टिनाचं घर करून दिलं. माझं लग्न झालं, मी नांदायला गेले. त्या घराबद्दल गावात वेगवेगळं बोललं जाई. कुणी म्हणे, दर्याच्या भुताने ओढून नेला. बहुतेक जण म्हणत, येडा होता.

एका हिवाळ्यात मी माहेरी आले होते. सकाळची वेळ, काकी ओट्यावर मंगलाची वेणी घालत होती. मंगला दुसरीत होती, तोंड फुगवून बसली होती. शाळेतल्या कुणीतरी तिला येड्याची पोरगी म्हटलं होतं. काकीचे हात थांबले नाहीत.

‘तुहा बाप येडा नोता,’ ती म्हणाली. ‘तो बाहेर आलता. मले, या इंदाबाईले, पोटातल्या तुले, सगळ्याईले त्यानं बाहेर काढलं. मंग त्याले वाटलं, आपले मानसं आत राह्यले.’

 मंगलाने मान वळवून विचारलं, ‘होते काय आत?’

‘त्याचे होते,’ काकी म्हणाली, आणि वेणीची गाठ घट्ट बांधून तिला शाळेत धाडलं.